पालेस्त्रीना : गायकवृंदांत घडलेलें एक जीवन

रोम शहराच्या पूर्वेस सुमारें पस्तीस किलोमीटरांवर, डोंगराच्या उतरणीवर, पालेस्त्रीना नांवाचें एक फार जुनें गांव आहे. आपल्याकडे चिपळूणचा तो चिपळूणकर होतो. तद्वत् ह्या गांवच्या एका मुलाला सारें जग त्याच्या गांवाच्याच नांवानें ओळखूं लागलें. त्याचें मूळ नांव जोव्हान्नी पिएरलुईजी. जन्म १५२५ च्या सुमाराचा. ख्रिस्तसभेच्या संगीताचा इतिहास लिहितांना ज्याला वगळून पुढें जातांच येत नाहीं, असा हा पुरुष. २०२५ सालीं त्याच्या जन्माला पांचशें वर्षें झालीं असें धरून देशोदेशींच्या गायकवृंदांनीं त्याचें स्मरण केलें.

आपल्या देवळाच्या जुबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत त्याचें चरित्र द्यावें असें मनांत आलें, त्याचें कारण मात्र त्याची कीर्ति हें नव्हे. जुबिलीच्या मिस्सेची तयारी चालू असतां आपल्या गायकवृंदांतील कांहीं तरुणांनीं मला विचारलें कीं, तालमीला इतकी कडक शिस्त कशाला? देवाला आमचें मन हवें कीं आमचा सूर? प्रश्न चांगला आहे, आणि तो मनापासून विचारलेला होता. त्याचें उत्तर उपदेशानें देण्यापेक्षां एका माणसाच्या आयुष्याकडे बोट दाखवून द्यावें हें मला अधिक बरें वाटतें. हा माणूस संत नव्हता. त्याच्या आयुष्यांत पैशाची हांव म्हणावी असें कांहीं आहे, धरसोड आहे, मोडलेले संकल्पहि आहेत. म्हणूनच तो आपल्यासारख्यांना उपयोगी पडेल असें वाटतें.

१५३७ सालच्या एका दप्तरांत रोममधील सान्ता मारिया माज्जोरे ह्या महामंदिराच्या गायक मुलांत त्याचें नांव आढळतें. म्हणजे दहा-बारा वर्षांचा असतांनाच हा मुलगा घर सोडून रोमला आला होता. त्या काळीं तेथील देवळांच्या गायकवृंदांत स्त्रिया नसत. उंच पट्टीचे स्वर मुलांनीं गावयाचे. मुलें गायनमास्तरांच्या देखरेखीखालीं राहात, गाणें व लातिन शिकत, आणि उपासनेच्या वेळीं हजर राहात. आजच्यासारखे प्रत्येकाच्या हातांत कागद नसत. एका उंच लांकडी घडवंचीवर एकच भलें मोठें पुस्तक उघडून ठेवीत, आणि लहानमोठे सारे गायक त्याच्यापुढें दाटीनें उभे राहात. त्या पुस्तकांत प्रत्येक आवाजाचा भाग पानावर वेगवेगळ्या जागीं स्वतंत्र लिहिलेला असे. आपण एक स्वर धरून उभे असतां शेजारचा काय गात आहे, हें डोळ्यांना दिसण्याची सोय नव्हती. तें कानांनींच ओळखावयाचें. ताल हाताच्या खालींवर होण्यानें दाखविला जाई. एखादा मुलगा क्षणभर आपल्याच आवाजाच्या गोडींत रमला कीं त्याची जागा चुकली. आणि त्याची चुकली म्हणजे सर्वांचीच बिघडली. दुसऱ्याचें ऐकल्याशिवाय स्वतःचें गातां येत नाहीं, हा धडा त्या मुलाला कोणा प्रवचनांतून मिळाला नाहीं. तो रोज उभें राहून, कान टवकारून मिळाला.

मुलाचा आवाज फुटला कीं गायकवृंदांतील त्याची जागा संपते. पुष्कळांचें गाणेंहि तेथेंच संपतें. ह्याचें तसें झालें नाहीं. १५४४ सालीं तो आपल्या गांवीं परतला आणि तेथील संत अगापितुस ह्यांच्या कॅथीड्रलांत ऑर्गन वाजविण्याचें व गायन शिकविण्याचें काम त्यानें पत्करलें. काम थोरामोठ्यांच्या नजरेंत भरण्याजोगें नव्हतें. सणावारीं ऑर्गन वाजवावा, मिस्सेला व सायंप्रार्थनेला गावें, मुलांना आणि धर्मगुरूंना सूर शिकवावा, असा तो दिनक्रम. १५४७ सालीं लुक्रेत्सिया गोरी हिच्याशीं त्याचा विवाह झाला. पुढें रोदोल्फो, आंजेलो व इजीनिओ असे तीन मुलगे झाले. सात वर्षें अशीं लहान गांवांत गेलीं.

पण त्या गांवचे बिशप होते कार्डिनल जोव्हान्नी मारिया देल मोंते. १५५० सालीं तेच परमगुरु म्हणून निवडले गेले आणि जूलिअस तिसरे हें नांव त्यांनीं धारण केलें. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं आपल्या जुन्या कॅथीड्रलांतील ह्या तरुणाला रोमला बोलावून सेंट पीटरच्या महामंदिरांतील ज्यूलियन गायकवृंदाचा प्रमुख नेमलें. १५५४ सालीं पालेस्त्रीनानें आपल्या मिस्सांचें पहिलें पुस्तक छापून ह्याच पोपमहाराजांना अर्पण केलें. येथवर सर्व सुरळीत होतें. १५५५ च्या जानेवारींत मात्र पोपमहाराजांनीं आपल्या लाडक्या संगीतकारावर एक जास्तच मोठा अनुग्रह केला. सिस्टाईन चॅपेलांत गाणारा पोपमहाराजांचा खास गायकवृंद हा सर्वांत मानाचा; तेथें प्रवेश मिळवावयाचा तर परीक्षा द्यावी लागे आणि तेथील गायकांची संमति लागे. पालेस्त्रीनाला परीक्षेवांचून आणि संमतीवांचून, केवळ आज्ञेनें, आंत घेण्यांत आलें. त्या गायकवृंदाच्या रोजनिशींत तशी नोंद आहे, आणि ती लिहिणाऱ्याचा राग त्या कोरड्या शब्दांतूनहि लपत नाहीं. शिवाय तेथील गायक अविवाहित असावे असा दंडक होता, आणि हा तर बायकोमुलांचा धनी. मोठ्यांच्या मर्जीनें नियमाला वळसा घालून मिळालेली जागा पक्की नसते. परंतु तीस वर्षांच्या उमेदीच्या माणसाला हें सुचावें तरी कसें? त्यानें सेंट पीटरमधील आपली नोकरी सोडली आणि तो तेथें गेला.

दोनच महिन्यांनीं, मार्चमध्यें, जूलिअस तिसरे वारले. त्यांच्यामागून मार्सेलस दुसरे आले. ह्यांची कारकीर्द अवघी तीन आठवड्यांची. पण तेवढ्यांत घडलेला एक प्रसंग पालेस्त्रीनाच्या आयुष्याला पुरून उरला. त्या वर्षींचा गुड फ्रायडे होता. प्रभूच्या दुःखसहनाची उपासना चालू असतां गायकांनीं जें गायन केलें तें दिवसाला मुळींच शोभणारें नव्हतें. त्यांत उल्हास होता, कौशल्य होतें, पण शब्द कळत नव्हते. उपासनेनंतर पोपमहाराजांनीं गायकांना बोलावून घेतलें आणि बजावलें कीं, अशा दिवशीं गावयाचें तें प्रसंगाला साजेसें असावें आणि प्रत्येक शब्द नीट ऐकूं येऊन समजावा. ही कानउघाडणी ज्यांना झाली त्या गायकवृंदांत पालेस्त्रीनाचें नांव होतें. १ मे रोजीं मार्सेलस दुसरे वारले.

त्यांच्यामागून आलेले पॉल चौथे हे करड्या शिस्तीचे. सभेंत सुधारणा करावयाची तर ती आपल्या घरापासून, असा त्यांचा बाणा होता. त्याच वर्षीं जुलैच्या अखेरीस त्यांनीं विवाहित गायकांना सिस्टाईन चॅपेलांतून काढून टाकण्याची आज्ञा दिली. तिघे जण निघाले. त्यांत पालेस्त्रीना एक. लहानसें मासिक वेतन त्यांना बांधून देण्यांत आलें, पण जी जागा जन्मभराची म्हणून धरली होती ती आठ महिन्यांतच गेली. पहिली नोकरी आधींच सुटलेली, घरांत बायको आणि लहान मुलें. ह्या धक्क्यानें त्यानें अंथरूण धरलें असें त्याचे चरित्रकार सांगतात.

ह्या आज्ञेबद्दल मतें दोन होऊं शकतील. नियम जुनाच होता; परंतु त्याचा घाव ज्यांच्यावर पडला त्यांनीं तो लपूनछपून मोडलेला नव्हता, हेंहि खरें. माझ्यापुरतें विचाराल तर पालेस्त्रीनावर अन्याय झाला असें मला वाटतें. म्हणूनच त्यानें पुढें काय केलें ह्याला महत्त्व आहे. दुखावलेला गवई बहुधा दोनांपैकीं एक करतो. गाणेंच सोडतो, नाहीं तर आपला हात दाखविण्यासाठीं अधिक अवघड, अधिक दिपविणारें गातो. गांवोगांवच्या गायकवृंदांत हें आपण पाहतोंच. एकाला एकट्यानें गावयाची ओळ मिळाली नाहीं कीं पुढच्या रविवारीं बांकावरची त्याची जागा रिकामी. पालेस्त्रीना ऑक्टोबरांत लॅटरन येथील संत योहानाच्या महामंदिरांत गायनप्रमुख म्हणून रुजू झाला. तेथें मान कमी होता आणि पैसाहि कमी होता.

लॅटरनमध्यें असतां गुड फ्रायडेच्या उपासनेसाठीं त्यानें इम्प्रोपेरिया ह्या पदांना चाल लावली. क्रुसावरून प्रभु आपल्या प्रजेला तिच्या कृतघ्नपणाबद्दल विचारतो, अशीं हीं पदें आहेत. कौशल्य दाखवावयाला येथें भरपूर वाव होता. त्यानें जवळजवळ कांहींच दाखविलें नाहीं. सर्व आवाज एकदम तेच शब्द उच्चारतात, स्वर संथपणें हलतात, आणि चाल इतकी साधी कीं सामान्य गायकवृंदालाहि ती साधावी. १५६० सालीं पोप पायस चौथे ह्यांनीं त्याची प्रत आपल्या गायकवृंदासाठीं मागवून घेतली, आणि पुढें शतकानुशतकें सिस्टाईन चॅपेलांत गुड फ्रायडेला हीच चाल गाइली गेली. ज्या दालनांतून त्याला बाहेर काढलें तेथें त्याचें गाणें असें आंत गेलें. एका गुड फ्रायडेची कानउघाडणी आणि दुसऱ्या गुड फ्रायडेचें हें गायन, ह्या दोहोंचा संबंध मी जोडीत आहें. इतिहासकार जोडतीलच असें नाहीं.

लॅटरनची नोकरीहि त्यानें सोडली, आणि ती मात्र रागानें. तेथील कारभाऱ्यांनीं गायक मुलांच्या पोटापाण्याच्या खर्चाला कात्री लावली, तेव्हां १५६० च्या जुलैंत हा गृहस्थ आपल्या मुलाला बरोबर घेऊन कांहीं एक न सांगतां चालता झाला. सूचना न देतां जाणें शिस्तीला धरून नव्हतें. पण स्वतःच्या अपमानावर न चिडणारा माणूस मुलांच्या जेवणावरून चिडला, हें त्याच्या बाजूनें नोंदवून ठेवलें पाहिजे. वर्षभरानें तो पुन्हां सान्ता मारिया माज्जोरे येथें आला. जेथें लहानपणीं पुस्तकासमोर उभा राहिला होता, तेथेंच आतां तो दुसऱ्यांच्या मुलांना उभें करूं लागला.

ह्याच सुमारास त्रेन्तची धर्मपरिषद समाप्तीस येत होती. १५४५ पासून १५६३ पर्यंत, मध्यें खंड पडत पडत, ही परिषद चालली. संगीताविषयींच्या तक्रारी तिच्यापुढें आल्या होत्या. मिस्सेच्या चालींना बाजारांतल्या प्रेमगीतांचा आधार घेतला जाई. आणि पांच-सहा आवाज एकाच वेळीं निरनिराळे शब्द म्हणत असल्यानें भाविकाला प्रार्थना ऐकूंच येत नसे. १५६२ च्या सप्टेंबरांत परिषदेनें ठरविलें कीं, ज्या संगीतांत कांहीं कामुक किंवा अशुद्ध मिसळलेलें असेल तें देवळांतून दूर ठेवावें. पुढें रोममध्यें कार्डिनलांची एक समिति बसली. त्यांत संत चार्ल्स बोर्रोमेओ होते. २८ एप्रिल १५६५ रोजीं कार्डिनल व्हितेल्ली ह्यांच्या घरीं पोपमहाराजांच्या गायकांना बोलावून कांहीं मिस्सा गावयास लावल्या, आणि शब्द समजतात कीं नाहीं ह्याची परीक्षा घेतली.

आतां एक कथा सर्वतोमुखीं आहे. परिषद बहुस्वर गायन साफ बंद करणार होती; पालेस्त्रीनानें पोप मार्सेलस ह्यांच्या नांवची मिस्सा रचून ऐकविली आणि कार्डिनलांचीं मनें जिंकून संगीत वांचविलें, अशी ती कथा. त्याच्या मृत्यूनंतर तेराच वर्षांनीं, १६०७ सालीं, ती छापली गेली होती. कथा गोड आहे, आणि लहानपणीं ऐकलेली सोडवत नाहीं. परंतु व्हितेल्ली ह्यांच्या घरीं कोणत्या मिस्सा गाइल्या गेल्या ह्याची नोंद नाहीं, आणि परिषदेनें सरसकट बंदीचा ठराव कधींच केला नाहीं. तेव्हां संगीत वांचविल्याचें श्रेय एकट्या पालेस्त्रीनाला देतां येत नाहीं. मिस्सा मात्र खरी आहे. १५६७ सालच्या त्याच्या दुसऱ्या पुस्तकांत ती छापलेली आहे, आणि जिनें तीन आठवडे राज्य केलें त्या परमगुरूंचें नांव जगाच्या स्मरणांत राहिलें तें बव्हंशीं तिच्यामुळें.

ही मिस्सा सहा आवाजांची आहे. किरियेंत शब्द थोडे. तेथें त्यानें आवाजांना एकमेकांमागून मोकळेपणें फिरूं दिलें. ग्लोरिया व क्रेदो ह्यांत शब्द पुष्कळ, आणि ते श्रद्धेचे शब्द. तेथें त्यानें आवाजांना लगाम घातला. अनेक आवाज एकाच वेळीं तेंच अक्षर उच्चारतात, मग दुसरा गट पुढची ओळ घेतो, आणि सहा जण गात असतांहि वाक्य ऐकणाऱ्याच्या कानीं अखंड पोंचतें. ज्याला सहा आवाजांचें जाळें विणतां येतें त्यानें, शब्दासाठीं, तें जाळें स्वतः होऊन सैल केलें. न येणाऱ्यानें साधें गाणें ही एक गोष्ट, आणि सर्व येत असून साधें गाणें ही दुसरी.

त्याच्या रचनेचें मर्म येथें थोडें सांगितलें पाहिजे, कारण आपल्या देशी संगीताहून तें फार निराळें आहे. आपल्या भजनांत एक जण पुढें म्हणतो व मंडळी मागें म्हणतात. आपला गवई एकटा रागाची बढत करतो आणि तंबोरा व ठेका त्याची पाठराखण करतात. पालेस्त्रीनाच्या गायनांत पुढारी कोणीच नसतो. एक आवाज ओळ घेऊन निघतो. दुसरा तीच ओळ घेऊन मागून येतो. मग तिसरा, मग चौथा. जो आधीं आला तो नव्याला वाट करून देतो. स्वर बहुधा शेजारच्या स्वराकडेच जातात, जिन्याच्या पायऱ्या चढाव्या-उतराव्या तसे. क्वचित् मोठी उडी घेतलीच तर लगेच उलट दिशेनें पावलें टाकून ती भरून काढावयाची. खटकणारा स्वर वर्ज्य नाहीं. पण तो अवचित आदळतां कामा नये. आधीं तो गोड स्वर म्हणून धरलेला असावा, मग दुसरा आवाज हलल्यामुळें तो खटकावा, आणि लगेच एक पायरी खालीं उतरून त्यानें शांत व्हावें. खटका उडाल्यावर खालीं कोणी उतरावयाचें हें जेथें आधींच ठरलेलें असतें, अशीं घरें आणि अशा सभासमित्या मीं थोड्याच पाहिल्या आहेत.

सेमिनरींत असतांना त्याची एक छोटी रचना आम्ही शिकलों होतों. ज्यांनीं असें गायन केलें आहे त्यांना ठाऊक आहे कीं, त्यांत सर्वांत कठीण गोष्ट उंच स्वर ही नसून श्वास ही आहे. ओळ लांब असते. सर्वांनीं एकदम श्वास घेतला तर ती तुटते. म्हणून शेजारचा गात असतां आपण हळूच घ्यावयाचा आणि त्याला हवा असेल तेव्हां आपण धरून राहावयाचें. हें जमेपर्यंत महिने जातात. ज्याला वेळेवर यावयाची संवय नाहीं, झोंप पुरी करावयाची संवय नाहीं, दुसऱ्याच्या चुकीवर मान वळवून पाहण्याचा मोह आवरत नाहीं, त्याला तें कधींच जमत नाहीं. सूर सुधारावयास बसावें, आणि आधीं बाकीचें सगळें सुधारावें लागतें असें ध्यानांत यावें, हा अनुभव आमच्यापैकीं पुष्कळांना आला.

दुसऱ्याला सुधारण्याची त्याची रीतहि पाहण्यासारखी होती. मांतुआचा ड्यूक गुलिएल्मो गोंझागा हा हौशी संगीतकार. त्यानें १५७० सालीं आपली एक रचना पालेस्त्रीनाकडे अभिप्रायासाठीं पाठविली. राजेरजवाड्यांच्या रचनेची स्तुति करून बक्षीस घ्यावें, हा जगाचा रिवाज. पालेस्त्रीनानें ती सर्व आवाजांसह मांडून नीट तपासली, योग्य ती स्तुति केली, आणि मग नम्रपणें लिहून कळविलें कीं, आवाजांची गुंतागुंत फार दाट झाल्यानें शब्द झांकले जातात. मार्सेलस ह्यांच्या त्या दिवशींच्या कानउघाडणीला पंधरा वर्षें लोटलीं होतीं; ती अजून त्याच्या कानांत होती.

मधल्या काळांत तो रोमन सेमिनरींत गायनशिक्षक होता, तिव्होलीला कार्डिनल इप्पोलितो देस्ते ह्यांच्या पदरीं होता. सम्राट् माक्सिमिलियन ह्यांच्याकडून व्हिएन्नाचें बोलावणें आलें, तेव्हां त्यानें इतका पगार मागितला कीं बोलणें तेथेंच खुंटलें. १५७१ सालीं तो सेंट पीटरच्या ज्यूलियन गायकवृंदाकडे परत आला आणि मरेपर्यंत तेथेंच राहिला.

आपणां मराठी ख्रिस्ती जनांना ह्या वर्षांविषयीं एक जिव्हाळ्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. क्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७५ सालीं रोमलाच येशूसंघांत दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास पोंचले. म्हणजे ज्या दिवसांत पालेस्त्रीना सेंट पीटरमध्यें गायन चालवीत होता, त्याच दिवसांत आपले फादर स्टीफन्स त्याच शहरांत शिकत होते. ह्याहून अधिक कांहीं ताणून सांगण्याची माझी इच्छा नाहीं. पण शब्द लोकांना कळला पाहिजे ह्यासाठीं एकानें आवाजांना लगाम घातला आणि दुसऱ्यानें मराठी ओवी हातीं धरली, हें मनांत आल्यावांचून राहात नाहीं.

ह्याच वर्षांत त्याच्या घरावर मृत्यूनें घाला घातला. १५७२ सालीं थोरला मुलगा रोदोल्फो गेला. १५७३ सालीं भाऊ सिल्ला गेला. १५७५ सालीं दुसरा मुलगा आंजेलो गेला. १५८० च्या उन्हाळ्यांत रोममध्यें सांथ पसरली, तींत पत्नी लुक्रेत्सिया गेली. तेहतीस वर्षांचा संसार उठला. तीन मुलांपैकीं एकटा इजीनिओ उरला. आणि तरीहि रोज सायंप्रार्थनेला गायकवृंद उभा करावयाचा, मुलांचे सूर मिळवावयाचे, सणाला नवी मिस्सा द्यावयाची, हें त्याचें काम चालूच होतें. दुःखांत माणूस गाऊं शकत नाहीं असें आपण म्हणतों. एकट्याला तें अशक्य असेलहि. पण वृंदांत आपला स्वर डळमळला तर शेजारचा तो उचलून धरतो.

पत्नीच्या मृत्यूनंतर त्यानें धर्मगुरु होण्याचें ठरविलें. परवानगी मिळाली, मुंडनविधि झाला, फेरेन्तिनो येथील देवळाचें एक उत्पन्नहि त्याला मिळालें. आणि मग २८ मार्च १५८१ रोजीं त्यानें दुसरें लग्न केलें! वधू व्हिर्जीनिया दोर्मोली, एका फर-व्यापाऱ्याची धनवान् विधवा. मीं स्वतः धर्मगुरु असल्यानें हें वाचून प्रथम हसलों आणि मग थोडा खिन्न झालों. परंतु न झेपणारें व्रत घेऊन तें पुढें मोडण्यापेक्षां वेळींच माघार घेणें बरें, हेंहि सेमिनरींत आम्हांला शिकविलें जात होतें. पालेस्त्रीना व्यापारांत शिरला आणि हुषार व्यापारी ठरला. घरें घेतलीं, पैसा वाढविला. त्या पैशानें त्याची जुनी चणचण संपली, आणि वर्षानुवर्षें बासनांत पडून राहिलेल्या रचना एकामागून एक छापून बाहेर पडूं लागल्या.

१५८४ च्या सुमारास त्यानें बायबलमधील गीतरत्नावर रचलेलीं एकोणतीस गायनें प्रसिद्ध केलीं आणि तीं पोप ग्रेगरी तेरावे ह्यांना अर्पण केलीं. अर्पणपत्रिकेंत त्यानें कबूल केलें कीं, तरुणपणीं आपणहि प्रेमगीतांना चाली लावल्या आणि त्याची आतां लाज वाटते. फार सुंदर कबुली. मात्र दोनच वर्षांनीं, १५८६ सालीं, ह्याच गृहस्थानें प्रेमगीतांचें आणखी एक पुस्तक छापलें! चरित्रकार ह्या ठिकाणीं घाईनें पान उलटतात. मला उलटावेंसें वाटत नाहीं. जो रोज तालीम घेतो त्याला ठाऊक असतें कीं, काल बसलेली जागा आज पुन्हां निसटते, आणि उद्यां ती पुन्हां बसवावी लागते.

आणखी एका कामाचा उल्लेख केला पाहिजे. १५७७ सालीं ग्रेगरी तेरावे ह्यांनीं त्याला व आन्निबाले त्सोइलो ह्याला जुन्या ग्रेगोरियन गायनाचीं पुस्तकें शुद्ध करण्यास सांगितलें होतें. जुन्या चालींतील लांबलचक आलाप त्या काळच्या लोकांना ओबडधोबड वाटत. ते छाटावयाचे होते. फेर्नांदो दे लास इन्फान्तास ह्या स्पॅनिश संगीतकारानें आपल्या राजाकडे तक्रार नेली आणि काम थांबलें. थांबलें तें बरेंच झालें. पुढें एकोणिसाव्या शतकांत सोलेमच्या मठवासीयांनीं मेहनतीनें जुन्या पोथ्या ताडून त्याच आलापांचें सौंदर्य पुन्हां उजेडांत आणलें.

म्हातारपणीं त्याला मान मिळाला. १५९२ सालीं उत्तर इटलीच्या संगीतकारांनीं मिळून सायंप्रार्थनेच्या स्तोत्रांचें एक पुस्तक रचलें आणि तें त्याला अर्पण केलें. त्यानें स्वतः १५९३ सालीं वर्षभराच्या रविवारांसाठीं व सणांसाठीं अडुसष्ट अर्पणगीतें प्रसिद्ध केलीं. सत्तरीकडे झुकलेला तो माणूस अजून पुढच्या रविवारची तयारी करीत होता. त्याच्या नांवावर शंभराहून अधिक मिस्सा आहेत, आणि इतर धार्मिक गायनें शेंकड्यांनीं मोजावीं लागतात. २ फेब्रुवारी १५९४ रोजीं, प्रभूच्या मंदिरार्पणाच्या सणाच्या दिवशीं, तो वारला.

१७२५ सालीं योहान योसेफ फुक्स ह्यानें त्याच्या रचनांतील नियम एका ग्रंथांत गोंवले. व्हिएन्नाच्या कॅथीड्रलांतील गायक मुलगा हायडन आवाज फुटल्यावर रस्त्यावर आला, तेव्हां त्यानें आपल्याआपण अभ्यास केला तो ह्याच ग्रंथावरून. २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशीं, संत पायस दहावे ह्यांनीं देवळांतील संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. त्यांत ग्रेगोरियन गायनाखालोखाल पालेस्त्रीनाच्या बहुस्वर गायनाला मान दिला. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषेंतील उपासनेला दार उघडलें, आणि त्याच पत्रकांत बहुस्वर गायनाचेंहि स्थान कायम राखलें.

त्याला सेंट पीटरमध्येंच पुरलें. शवपेटींत शिशाच्या पत्र्यावर त्याचें नांव कोरून त्याखालीं संगीताचा राजा ही पदवी लिहिली होती. महामंदिराचें नवें बांधकाम तेव्हां चालूच होतें. त्या उलथापालथींत त्याची कबर नाहींशी झाली. ज्यूलियन गायकवृंद मात्र आहे, आणि तो आजहि सेंट पीटरच्या महामंदिरांत उपासनेला गातो.